तुलना-गट नाही, म्हणून निबंध कच्चा?

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या पाड्यांवरच्या अतिसारावर प्रस्ताव लिहिताय? मग दिलीप महालनबीस आणि सहकाऱ्यांचा १९७३चा निबंध आधी वाचा. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते द्रावण पाजायला नातेवाइकांनाच सांगितलं. मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आला.

आता खोट काढू. तुलना-गटच नाही! ३० टक्के हा आधीच्या गोंधळातल्या दिवसांचा आकडा. नंतर आलेले रुग्ण कमी आजारी असतील, तर? मग सगळी घट द्रावणाचीच, असं म्हणता येत नाही.

पण इथंच थांबलात तर निबंध चुकीचा वाचलात. द्रावण काम करतं, हे नलिन आणि कॅश यांनी १९६८मध्ये ढाक्यात दाखवलं होतं. बनगावचा प्रश्न वेगळा: नर्स नाही, प्रयोगशाळा नाही, तर हे घरची माणसं देऊ शकतात का? त्याचं उत्तर या निबंधात आहे.

आणि तुमच्या प्रश्नावलीत काय आहे? 'ओआरएसची पुडी मिळाली का?' एवढंच ना? आईनं लिटरभर पाणी कशानं मोजलं, दिवसभरात किती पाजलं, ते विचारा की!