संशयी थॉमसचं शहर आणि श्रद्धेचा सिनेमा

२००८ च्या जुलै महिन्यात चेन्नईत एका चित्रपटाचा मोठ्या थाटामाटात मुहूर्त झाला. मद्रास-मैलापूर धर्मप्रांताच्या पुढाकाराने संत थॉमस यांच्यावर भव्य तमिळ चित्रपट निघणार होता. ५० कोटी रुपयांच्या खर्चाची भाषा झाली, मुहूर्ताला मुख्यमंत्री करुणानिधी आले. कवी तिरुवळ्ळुवर आणि थॉमस यांची भेट पडद्यावर दाखवणार, असं कानोकानी झालं आणि वादाला तोंड फुटलं. पुढे सगळं थंडावलं. तो चित्रपट पडद्यावर आला नाही.

सांथोम बासिलिकेत ज्याची कबर दाखवतात, विमानतळाजवळच्या टेकडीवर ज्याचं रक्त सांडलं अशी परंपरा सांगतात, त्या प्रेषिताचा चित्रपट दक्षिणेतल्या एवढ्या मोठ्या सिनेनगरीला पुरा करता येऊ नये, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. थॉमस हा शंका घेणारा शिष्य. जखमांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं त्याने सोबतच्या शिष्यांना तोंडावर सांगितलं. त्याच्यावर चित्रपट काढायचा तर शंकेला पडद्यावर जागा द्यावी लागेल, तिला पोटभर बोलू द्यावं लागेल. आपला ख्रिस्ती श्रद्धापट तिथेच अडतो. त्याने चमत्कार दाखवले, करुणा दाखवली, क्रूस दाखवला. श्रद्धेशी भांडणारा माणूस मात्र त्याच्या हाती फारसा लागला नाही. असा माणूस कादंबरीत भेटतो, आणि कादंबरीकडे हा सिनेमा क्वचितच गेला.

सुरुवात फार मोकळी होती. १९०५ साली तिरुचिरापल्लीत रेल्वेच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी द्यूपाँ नावाच्या फ्रेंच माणसाकडून प्रोजेक्टर आणि काही चित्रफिती विकत घेतल्या. त्यांत येशूच्या जीवनावरची फीत होती. नोकरीला रामराम ठोकून हा गृहस्थ गावोगाव तंबू टाकत हिंडला; मद्रासला एस्प्लनेडवरही त्याचा तंबू लागला. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्ताचं जीवन पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ती गोष्ट त्यानंतर पाच-सहा वर्षांची. व्हिन्सेंट स्वतः ख्रिस्ती होते, पण त्यांच्या तंबूत येणारा माणूस तिकिटाचे पैसे देऊन खेळ बघायला येत होता. त्याला प्रवचन नको होतं. ही शिस्त व्यवसायाने लावली आणि तिने या सिनेमाचं भलंच केलं.

त्याआधीची पायवाट रंगभूमीने पाडून ठेवली होती, आणि तिच्यावर मराठी पावलंही आहेत. तंजावरचे सरफोजी राजे आणि ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हे दोघेही श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या छायेत शिकले. भविष्य सांगत फिरणारी कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा जुना साचा. शास्त्र्यांनी तो उचलून ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. सरफोजींच्या नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त त्याच साच्यात भूगोल आला. पुढे तमिळ संगीत नाटकाचे आद्य गुरू शंकरदास स्वामिगळ यांनी पौराणिक नाटकांच्या बरोबरीने ‘ज्ञानसौंदरी’ हे ख्रिस्ती कथानक लिहिलं. सावत्र आईच्या कारस्थानाने हात तोडले गेलेली, रानात टाकून दिलेली मुलगी आणि तिचे हात परत देणारी मरियामाता. मूळ कथा युरोपातली असली, तरी तमिळ प्रेक्षकाला ती घरची वाटली. सावत्र आई त्याच्या सगळ्या गोष्टींत होतीच.

१९४८ मध्ये याच कथेवर एकाच वेळी दोन चित्रपट निघाले. एक सिटाडेलचा, एफ. नागूर यांनी दिग्दर्शित केलेला, एम. व्ही. राजम्मा आणि टी. आर. महालिंगम यांचा. दुसरा जेमिनीच्या एस. एस. वासन यांचा. ‘चंद्रलेखा’ काढणारा वासन यांच्यासारखा बलाढ्य निर्माता इथे हरला. लोकांनी सिटाडेलच्या चित्रपटाला उचलून धरलं आणि वासननी आपला चित्रपट मागे घेतला. सिटाडेलच्या चित्रपटातली मरियामातेची प्रार्थना आजही तमिळनाडूत गायली जाते. तिची रचना नीट पाहावी. एस. व्ही. वेंकटरामन यांनी गाणं लहान मुलीच्या तोंडी सुरू केलं, आवाज जिक्कीचा. गाणं चालू असतानाच मुलगी मोठी होते आणि आवाज पी. ए. पेरियनायकीचा होतो. प्रार्थना तीच, सूर तोच, गळा बदललेला. एका माणसाची श्रद्धा त्याच्याबरोबर कशी वाढते, हे एका गाण्यात, एकही संवाद न वापरता सांगितलं आहे. इतकं नेमकं काम पुढच्या कितीतरी मोठ्या खर्चाच्या ख्रिस्ती चित्रपटांत मला आढळलं नाही.

यानंतरचा काळ भरभर सांगण्यासारखा. १९६१ च्या ‘पाव मन्निप्पु’त ए. भीमसिंग यांनी एका हिंदू हिरे व्यापाऱ्याची मुलं मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत वाढवली. सर्वधर्मसमभावाचा तो चांगला, पण फार गुळचट नमुना. १९७१ चा के. तंगप्पन यांचा ‘अन्नै वेळांकण्णी’ हा सरळ भक्तिपट, मरियामातेच्या भूमिकेत जयललिता. नागपट्टिणमजवळच्या वेळांकण्णीला सर्व धर्मांचे लोक नवस फेडायला जातात, भगवी वस्त्रं नेसून चेन्नईहून पायी निघतात. तो चित्रपट त्या लोकांसाठी होता आणि त्यांना तो पावला. त्याच्याकडून जास्त मागणं अन्याय होईल.

‘करुणामयुडु’पाशी मात्र थांबलं पाहिजे. हा १९७८ चा तेलुगू येशूपट. दिग्दर्शक पुन्हा भीमसिंग, येशू झाले विजयचंदर, पटकथेला फ्रान्सिस्कन धर्मगुरू ख्रिस्तोफर कोएल्यो यांचा हात. पैशाअभावी काम रखडलं. भीमसिंग जानेवारीत वारले आणि चित्रपट डिसेंबरात लागला. हिंदीत तो ‘दयासागर’ झाला, तमिळसह इतर भाषांत गेला आणि पुढे कित्येक वर्षं प्रचारकांच्या तुकड्या प्रोजेक्टर घेऊन तो खेडोपाडी दाखवत राहिल्या. भीमसिंगना घरगुती नाट्याची नस ठाऊक होती, म्हणून त्यांचा येशू आपल्याकडच्या संतपटातल्या संतासारखा माणसांत बसतो-उठतो, पोरांना जवळ घेतो. पुढच्याच वर्षी लूकच्या शुभवर्तमानावरचा अमेरिकी ‘जीझस’ आला. तो तमिळ, मराठीसकट शेकडो भाषांत बोलता झाला. दोन्ही चित्रपट एकाच गावात, एकाच चादरीवर दिसायचे. अमेरिकी चित्रपटाचं ग्रंथाशी इमान मोठं, पण ‘दयासागर’ पाहणाऱ्याला आपल्या माणसाची गोष्ट पाहिल्यासारखं वाटतं.

पण खेडोपाडीच्या या यशाने एक नुकसान झालं. चित्रपटाचं मोल त्याने किती मनं वळवली यावर ठरू लागलं आणि पडद्यामागचा हिशेब बदलला. तिकीट काढणाऱ्याला धरून ठेवण्याची जी गरज व्हिन्सेंटना होती, सिटाडेलला होती, ती उरली नाही. फुकट दाखवायच्या चित्रपटाला कंटाळवाणं होण्याची मुभा असते. चेन्नईतून आज यूट्यूबवर येणारे बहुतेक ख्रिस्ती लघुपट याच वळणाचे आहेत: दारूडा नवरा, रडणारी बायको, दवाखान्यातली एक रात्र, शेवटी प्रार्थना आणि सगळं सुरळीत. त्यामागची तळमळ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. कला म्हणून ते पहिल्या पाच मिनिटांत संपतात, कारण प्रश्न मांडण्याआधीच उत्तर ठरलेलं असतं.

मराठी प्रेक्षकाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आजही का पाहावासा वाटतो? विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अलौकिक आहेच, पण चित्रपट तोलून धरते ती गौरीबाईंची जिजाई. आजारी पोराला ओढत, हातात चप्पल घेऊन ती देवळात शिरते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. दामले-फत्तेलालांनी तिला मूर्ख ठरवलं नाही. तिच्या चुलीची, म्हशीची, उपाशी पोरांची बाजू तिला पूर्ण मांडू दिली. वैकुंठाला जाणारं विमान आपण मानतो ते जिजाई खाली उभी आहे म्हणून.

ख्रिस्ती सिनेमात अशी जिजाई कुठे आहे? चेन्नईच्या छत्राखालीच ती एकदा सापडली होती, आणि ती कादंबरीतून आली. मल्याळम सिनेमा सत्तरच्या दशकात अजून बव्हंशी मद्रासमध्येच घडत होता. के. एस. सेतुमाधवन यांनी १९६१ मध्ये पहिला मल्याळम चित्रपट केला तो ‘ज्ञानसुंदरी’, म्हणजे तीच हात तुटलेल्या मुलीची गोष्ट. नऊ वर्षांनी त्यांनी पारप्पुरत यांच्या कादंबरीवर ‘अरनाळिकनेरम’ केला. नव्वदीचा कुंजेनाच्चन, सीरियन ख्रिस्ती घराण्याचा कर्ता, बायबल तोंडपाठ, प्रत्येक प्रसंगाला वचन तयार. घर मात्र त्याच्या डोळ्यांदेखत आतून पोखरतं आहे. लेकरं, सुना, जमीन, पाप, लपवाछपवी. पवित्र वचन आणि त्याच घरातलं वर्तन ही दोन्ही एका चौकटीत ठेवण्याची हिंमत दिग्दर्शकाने केली, कारण पारप्पुरतनी ती आधी कागदावर केली होती. कोट्टारक्करा श्रीधरन नायर यांना या भूमिकेसाठी केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. एकाच दिग्दर्शकाच्या ‘ज्ञानसुंदरी’ आणि ‘अरनाळिकनेरम’मधलं अंतर हेच कथानक आणि कादंबरी यांच्यातलं अंतर आहे.

त्या तोडीची संधी चेन्नईला पुन्हा २०१३ मध्ये आली. जेयमोहन यांच्यासारख्या मोठ्या कादंबरीकाराने मणिरत्नमसाठी ‘कडल’ लिहिला: किनाऱ्यावरचं गाव, पडकं चर्च, टिंगल सोसणारा फादर सॅम, त्याने जवळ केलेला अनाथ पोरगा, आणि सेमिनरीतून हाकलला गेलेला, सूडाने पेटलेला बर्गमन्स. पोराचं नाव थॉमस! पहिला तासभर मी श्वास रोखून पाहिला. अरविंद स्वामीचा पाद्री एकटा पडतो, चिडतो, तरी टिकून राहतो, तेव्हा तमिळ पडद्याला धर्मगुरू माणूस म्हणून सापडला असं वाटलं. मग बर्गमन्स स्वतःला सैतान म्हणवून घेऊ लागतो, पाप-पुण्याचे दोन पुतळे समोरासमोर उभे राहतात, वादळ येतं आणि प्रश्न वाहून जातात. चित्रपट पडला. पडल्याचं दुःख यासाठी की ‘ख्रिस्ती विषय चालत नाही’ हा निष्कर्ष काढायला लोक टपलेलेच होते. त्याच वर्षी चेन्नईतल्या जहाज व्यवसायात असलेल्या जो डिक्रूझ यांच्या ‘कोर्कै’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हजाराहून अधिक पानांची ही कादंबरी तूतुकुडीच्या कॅथलिक परवर समाजाची: मोती काढणारे, शिडाची जहाजं हाकारणारे, चर्चवर जीव टाकणारे आणि पाद्र्यांशी उभा दावा मांडणारे लोक. सिनेमाने डिक्रूझना बोलावलं, पण ‘मरियान’ या चित्रपटाचे संवाद लिहायला.

अमेरिकेत गाडी उलट्या बाजूला कलंडली आहे. तिथे ख्रिस्ती कादंबऱ्यांचं स्वतंत्र दुकान आहे आणि त्यातून चित्रपट निघत राहतात: ‘लेफ्ट बिहाइंड’ दोनदा झाला, फ्रान्सिन रिव्हर्सची ‘रिडीमिंग लव्ह’ २०२२ मध्ये आली. चर्चच्या भरवशावर पैसा वसूल होतो हे ‘फायरप्रूफ’ने २००८ मध्ये दाखवून दिलं, पाच लाख डॉलरांत केलेल्या चित्रपटाने तीन कोटींहून जास्त कमावले. पण या कादंबऱ्यांतल्या संशयी माणसाची नेमणूक शेवटच्या प्रसंगात शरण जाण्यासाठीच झालेली असते. याउलट फ्रेंच कादंबरीकार बेर्नानोस आणि जपानी कादंबरीकार एंदो हे दोघेही श्रद्धावान कॅथलिक. त्यांच्या कादंबऱ्यांवर ब्रेसाँने ‘डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट’ आणि स्कॉर्सेसीने ‘सायलेन्स’ केला. तिथे देव बोलत नाही, माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देतो, आणि तरी ज्याला श्रद्धा म्हणतात ती पडद्यावर धगधगत राहते. नास्तिकालाही ती जाणवते.

चेन्नईत चर्च आणि कादंबरीवरचा चित्रपट यांची सर्वांत गाजलेली गाठ पडली ती २००६ मध्ये, ‘द दा विंची कोड’वर तमिळनाडू सरकारने बंदी घातली तेव्हा. पुस्तक सुमार होतं, हा भाग वेगळा. पण असल्या धाकात वाढलेला निर्माता ‘कोर्कै’ला किंवा इमयम यांच्या ‘कोवेरु कळुदैगळ’ला हात लावायला धजावेल कसा? इमयम यांची आरोक्यम ही दलित वस्तीचे कपडे धुणारी कॅथलिक परटीण, दलितांच्याही खालची ठरवली गेलेली. चर्चमधली जात त्या कादंबरीत उघडीनागडी आहे. बामांचं ‘करुक्कु’ही त्याच आगीतून आलं. ही पुस्तकं ख्रिस्तद्वेष्ट्यांनी लिहिलेली नाहीत. चर्चच्या आत वाढलेल्या समाजाचं दुःख त्यांत आहे.

आपण मराठी लोकांनीही फार पाठ थोपटून घेऊ नये. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, आपली पहिली कादंबरी; तमिळची पहिली कादंबरीही वेदनायगम पिळ्ळै या ख्रिस्ती मुन्सफाचीच. दोन्ही अभ्यासक्रमात अडकून पडल्या. आपल्याकडे अपवाद एकच ठसठशीत: विजया मेहतांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी केलेलं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या भूमिकेत सुहास जोशी. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती होतो आणि बायको पाच वर्षं त्याच्या धर्माला नकार देत वेगळी राहते, रडते, भांडते, हसते. तिचं सोवळं एका दिवसात सुटत नाही आणि सुटतं ते कुणाच्या प्रवचनाने नाही. नवऱ्याच्या धर्मांतराइतकाच बायकोचा नकार खरा मानणारी ती कलाकृती आहे, आणि ती घडली ती लक्ष्मीबाईंनी स्वतःबद्दल काही लपवलं नव्हतं म्हणून.

‘कोर्कै’ अडीच तासांत मावणार नाही. तिला मालिकाच हवी. पैसा उभा राहणं अशक्य नाही, अमेरिकेत ‘द चोजन’ या येशूवरच्या मालिकेचं पहिलं पर्व सामान्य प्रेक्षकांनी दिलेल्या एक कोटीहून अधिक डॉलरांवर उभं राहिलं. तूतुकुडीचा किनारा आहे, परवरांची बोली जाणणारा लेखक चेन्नईतच आहे, तंत्रज्ञांची तर या शहरात वाण नाही. धर्मप्रांताने वाटल्यास त्यात पैसे घालावेत. पटकथा वाचायला मागू नये.