खोट्या दागिन्यात खोटं काय?

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरली आहेत. त्यांतल्या बायकांकडे नीट बघा. पायांत जाडजूड कडी, हातभर बांगड्या, कमरेला पट्टा, कानांत भलंमोठं काहीतरी. नाकात मात्र काहीच नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय शिल्पांत नथ दिसतच नाही, ती फार नंतर आली. लेण्याला खेटून एकवीरा आईचं देऊळ आहे आणि पायऱ्यांवरच्या दुकानांत पुठ्ठ्याला टोचलेल्या नथा मिळतात, 'पारंपरिक' म्हणून.

ही माझी तक्रार नाही, याची मला गंमतच वाटते. तक्रार पुढे आहे.

या दागिन्यांना आपण सरळ 'खोटे' म्हणतो. जरा सभ्य व्हायचं असेल तर इमिटेशन. आईच्या पिढीला सगळं बेन्टेक्सच, मग ब्रँड कुठलाही असो. पण खऱ्याचं तरी काय? बोरमाळेचे सोन्याचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरतात. थोडक्या सोन्यात गळा भरलेला दिसावा म्हणून सोनारांनीच काढलेली ही युक्ती. तिला कुणी खोटं म्हटलं नाही. १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० पर्यंत राहिला. म्हणजे 'खरं' किती खरं असावं, हे काही काळ सरकार ठरवत होतं! तिकडे पॅरिसमध्ये कोको शनेलने १९२०च्या दशकातच खोटे मोती खऱ्यांत मिसळून ऐटीत मिरवले होते. आपण अजूनही कुणी विचारलं की आवाज खाली आणून सांगतो, 'खोटं आहे गं.'

लाजायचंच असेल तर धातूची लाज नको, घडणीची असू दे. कोल्हापुरी साजाची पानं २१ सांगतात. त्यांत दशावतार, अष्टमंगल, ताईत असं सगळं येतं. बाजारातल्या स्वस्त साजात पानं कमी होतात आणि उरलेल्यांत मासा कुठला, कासव कुठलं, ओळखता येत नाही. एकच जेपीईजी पुन्हा पुन्हा दाबून सेव्ह केल्यावर जसा दिसतो, तसंच. कारण नमुना साजावरून नाही, आधीच्या नकलेवरून घेतलेला असतो. नाहीतर मालिकेवरून. २०१४ मध्ये 'जय मल्हार' सुरू झाली आणि बाजारात 'बानू नथ' आली. मालिका संपली, नथ राहिली. तिचं मला वाईट वाटत नाही, निदान तिचं नाव तरी प्रामाणिक आहे. चीड येते ती सरसकट 'मराठी लूक' नावाच्या सेटची. गाव, जात, घराणं यांप्रमाणे वेगळे असणारे दागिने त्यात एकाच साच्यातून निघतात.

पण याच बाजाराने दाबाची नथ दिली. नाक न टोचता घालता येते, कार्यक्रम संपला की पर्समध्ये जाते. नाक टोचून घ्यायचं की नाही, हे आता जिचं नाक ती ठरवते. सोनाराच्या पेढीवरही आता अशी नथ मागतात. इथे खऱ्याने खोट्याची नक्कल केली.

आणि ठुशी. पितळी मणी, वर पिवळा मुलामा, पण मागे तोच सरकवायचा दोरा. कुठल्याही गळ्याला बसते.