ओट्यावरची एला गार्थ

तळोद्याला आमच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी रात्री चार-पाच जण जमतात. बहुतेक निवृत्त शिक्षक. एखादा जुना हॉलिवूडपट टीव्हीवर लावायचा, तो संपला की चहा ठेवायचा आणि बोलत बसायचं, हा आमचा नेम. सवय जुनी आहे. १९९५ साली केबलवर कार्टून नेटवर्क आलं तेव्हा दिवसा मुलांची कार्टून्स असायची आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू व्हायची. या वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम स्टुडिओचा सगळा चित्रसंग्रह आपल्याकडे घेतला होता. त्या कोठारातले तीस-चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे चित्रपट केबलच्या तारेवरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आले. मुलं झोपली की आम्ही आवाज बारीक करून बसायचो. इंग्रजी संवाद निम्मे कळायचे, निम्मे निसटायचे. मग कोण कुठे उभा आहे, कोण कुणाकडे पाहत नाही, दिवा कुणाच्या चेहऱ्यावर आहे, यावरून गोष्ट लावत जायचो. चित्रपट डोळ्यांनी वाचायचा असतो, हे आम्ही त्या रात्रींमध्ये शिकलो.

गेल्या तीसेक वर्षांत पाहिलेल्या चित्रपटांपैकी एकच निवडायला सांगितलं, तर मी एलिया कझान यांचा ‘वाइल्ड रिव्हर’ निवडीन. तो १९६० साली आला, फारसा चालला नाही, आणि आजही कझान यांचं नाव निघालं की लोक आधी ‘ऑन द वॉटरफ्रंट’ आठवतात. पण नंदुरबार जिल्ह्यात बसून पाहणाऱ्याला या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागत नाही. गोष्ट एका नदीची, तिच्यावर येणाऱ्या धरणाची आणि जमीन सोडायला नकार देणाऱ्या एका म्हातारीची आहे.

आधी पडद्याविषयी थोडं. ‘वाइल्ड रिव्हर’ सिनेमास्कोपमध्ये चित्रित झाला आहे. म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ अडीचपट. जुन्या डबा टीव्हीचा पडदा चारास तीन या मापाचा. त्यात असं चित्र पूर्ण उंचीने बसवलं की दोन्ही बाजू मिळून चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जातो. या चित्रपटात कापलं जातं ते नेमकं अंतर. एका कडेला माणूस, दुसऱ्या कडेला बेट आणि मध्ये सगळी नदी, अशा रचना यात पुन्हा पुन्हा येतात. बाजू कापल्या की उरतो फक्त पाण्याकडे पाहणारा माणूस. तो कशाकडे पाहतो आहे ते कळत नाही. म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील, पण हा चित्रपट पूर्ण रुंदीनेच पाहावा. आम्ही तो रुंद पडद्याचा टीव्ही घेतल्यावर पुन्हा लावला, तेव्हा कुठे ते बेट खऱ्या अर्थाने बेट दिसलं.

सुरुवात होते ती कृष्णधवल वृत्तचित्रातल्या पुराने. टेनेसी नदीच्या पुरात घरं वाहून चालली आहेत आणि पाण्यात आपली माणसं गमावलेला एक साधा माणूस कॅमेऱ्यासमोर ते सांगतो आहे. हा नट नाही, हे त्याच्या बोलण्यावरूनच समजतं. कझान यांनी धरणाची बाजू सर्वांत आधी मांडली आहे, तीही अशी की ती विसरता येऊ नये. नदी मारते, तिला आवरायला हवं. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मे १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या कायद्यावर सही केली, तिच्यामागे हे दुःखही होतं. त्यानंतर पडद्यावर रंग येतात, ऐन पानगळीतले, तांबूस आणि मातकट. प्राधिकरणाचा तरुण अधिकारी चक ग्लोव्हर गावात उतरतो. धरण जवळपास बांधून झालेलं आहे. आता बेटावरच्या एला गार्थने जागा सोडली की पाणी अडवायचं.

चक दोराने ओढायच्या तराफ्यावरून बेटावर जातो. एला ओट्यावर बसली आहे, भोवती घरच्या बायका आणि मुलं. तो नम्रपणे बोलू लागतो. ती उत्तर देत नाही, उठते आणि घरात निघून जाते. सरकार आणि माणूस यांची पहिली गाठ अशी शब्दांविना पडते. आपल्याकडेही बुडीत क्षेत्रातल्या गावांमध्ये पहिल्या सर्व्हेच्या वेळी असं कितीदा घडलं असेल! विरोधाच्या घोषणा पुढे येतात. आधी माणूस नुसता घरात निघून जातो.

एलाची भूमिका जो व्हॅन फ्लीट यांनी केली आहे. तेव्हा त्या चाळिशीत होत्या आणि भूमिका ऐंशीच्या घरातल्या बाईची. पांढरे केस आणि सुरकुत्या रंगभूषाकार देऊ शकतो. वय मात्र नटालाच आणावं लागतं. व्हॅन फ्लीट यांनी ते हातांत आणलं आहे. खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला तिचा हात पाहा. तो विसावलेला नाही, त्याने लाकूड धरून ठेवलं आहे. ती बोलते तेव्हा मान हलत नाही, फक्त डोळे वळतात. दयेला जागाच ठेवलेली नाही, म्हणून प्रेक्षकाला तिची कीव येत नाही, धाक वाटतो. विस्थापितांवरचे बहुतेक चित्रपट आपल्याला रडवायला बघतात. इथे म्हातारी आपल्याला उत्तर द्यायला लावते.

चित्रपटाचा गाभा असलेला प्रसंग कुत्र्याचा आहे. चकसमोर एला आपल्या सॅम नावाच्या जुन्या कृष्णवर्णीय गड्याला बोलावते आणि म्हणते, तुझा कुत्रा मला विक. सॅम गोंधळतो. कुत्रा विकायचा नाही, म्हणतो. ती किंमत देऊ करते, तो नाही म्हणतो. ती आवाज चढवते, मी सांगते म्हणून विकावाच लागेल, असं बजावते. सॅम घाबरतो, पण ठाम राहतो. मग एला चककडे वळते. सॅमला कुत्रा विकायला लावण्याचा हक्क तिला नाही आणि तिला बेट विकायला लावण्याचा हक्क चकला नाही, हे आता तिला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग एक हुशार युक्तिवाद वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना सॅमकडे लक्ष जातं. रॉबर्ट अर्ल जोन्स या नटाने सॅमच्या चेहऱ्यावर तो क्षणभराचा खरा भेदरलेपणा आणला आहे. मालकीण खेळते आहे हे सॅमला ठाऊक नाही. आपली एकुलती वस्तू वाचवण्यासाठी त्याला जन्मभराच्या मालकिणीला ‘नाही’ म्हणावं लागतं. स्वातंत्र्याचं तत्त्व समजावण्यासाठी एला ज्याचा उपयोग करते, त्याला तिने ते स्वातंत्र्य कधी दिलेलं नाही. कझान हे बोलून दाखवत नाहीत. कॅमेरा सॅमवर थोडा जास्त वेळ ठेवतात, एवढंच. पुढे चक बेटावरच्या कृष्णवर्णीय मजुरांना सरकारी कामावर घेतो, गावातल्या गोऱ्यांना ते खपत नाही आणि त्याला मार खावा लागतो. म्हणजे धरण एकीचं घर घेतं आणि दुसऱ्यांना पहिल्यांदा रास्त मजुरी देतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि चित्रपट त्यांतली एकही लपवत नाही.

आमच्या शनिवारच्या मंडळींपैकी एका सरांचं गाव अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या काठी होतं. ते आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. महाराष्ट्रातली अशी ३३ गावं, सगळी याच जिल्ह्यातली. त्यांतलं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सर्वांत आधी पाण्याच्या तोंडी आलं. कुत्र्याचा प्रसंग संपल्यावर सरांनी टीव्ही थांबवायला सांगितलं. म्हणाले, “सर्व्हेवाले विचारायचे, घर किती खणांचं? वडील खांबांविषयी सांगू लागायचे. कोणता खांब कोणत्या साली, कोणत्या जंगलातून, कोणाकोणाच्या खांद्यावरून आला ते. कागदावर खणांचा आकडा लिहिला गेला.” त्या रात्री पुढचा चित्रपट आम्ही कोणीच शेजाऱ्याशी कुजबुजत पाहिला नाही.

चकच्या भूमिकेत माँटगोमेरी क्लिफ्ट आहे. १९५६ च्या मोटार अपघातानंतर त्याचा चेहरा बदलला होता. पूर्वीचं देखणेपण ओसरलं होतं, हालचालीत एक अवघडलेपण आलं होतं. कझान यांनी ते झाकलं नाही, भूमिकेत मुरवलं. त्यामुळे हा अधिकारी कधीच बलदंड सरकार वाटत नाही. तो मार खातो, चिखलात पडतो, बोलताना अडखळतो. एलाची विधवा नात कॅरल, म्हणजे ली रेमिक, त्याच्या प्रेमात पडते. ती त्याला नदीपलीकडच्या आपल्या बंद घरात घेऊन जाते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती तिथे राहिलेली नाही. बेट सोडायला आजी तयार नाही, आणि इथे नात्याने तिचीच असलेली तरुण बाई आपण सोडलेल्या घरात परत पाऊल टाकते आहे. जमिनीला धरून राहणं आणि आयुष्य पुढे नेणं या दोन्ही ओढी कझान यांनी एकाच घरातल्या दोन बायकांमध्ये वाटून दिल्या आहेत. रेमिकची ही भूमिका प्रेमकथेच्या नावाखाली दुर्लक्षित राहिली. माझ्या मते ती चित्रपटाचा दुसरा खांब आहे.

कझान यांनी आत्मचरित्रात कबूल केलं आहे की, हा विषय मनात घेतला तेव्हा त्यांची सहानुभूती सरकारी माणसाकडे होती आणि चित्रपट करताना ती म्हातारीकडे गेली. ते तरुणपणी रूझवेल्ट यांच्या धोरणांचे चाहते होते. ही सरक चित्रपटात दिसते आणि तीच त्याची ताकद आहे. दिग्दर्शकाने ठरवून आणलेलं मत प्रेक्षकाला पटतं किंवा पटत नाही. चित्र घडता घडता बदललेलं मत मात्र प्रेक्षकालाही सोबत घेऊन जातं.

इथे इतिहासाचा एक धागा जोडायला हवा. टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवूनच १९४८ मध्ये आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. ‘वाइल्ड रिव्हर’ अमेरिकेत १९६० मध्ये लागला आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९६१ रोजी, पंडित नेहरूंनी नवागामला नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसवली. नदी बांधली की देश उभा राहील हे स्वप्न त्या दशकात दोन्ही खंडांत जिवंत होतं, आणि ते खोटं नव्हतं. ज्या वर्षी आपण त्या स्वप्नाचा पाया घालत होतो, त्याच्या आदल्या वर्षी त्याची किंमत सांगणारा हा चित्रपट तयार होता. तो आपल्यापर्यंत फार उशिरा पोहोचला.

शेवटाकडे जागा रिकामी करून घ्यायला सरकारी मार्शल येतो. एला झगडत नाही. घर सोडते, तराफ्यावर बसते, नव्या घरी आणली जाते. मागे बेटावर झाडं पडतात, घराला आग लावली जाते. आपल्याकडे घर जाळायची रीत नाही; खांब, वासे आणि कौलं उतरवून ट्रॅक्टरवर घालतात आणि सोमावल किंवा रोझव्याच्या वसाहतीत पुन्हा उभी करतात. तरीही त्या आगीकडे पाहताना आम्हाला परकं काही वाटलं नाही. नव्या घराचा ओटा छोटा, कोरा, रंग दिलेला. एला तिथे खुर्चीत बसते आणि थोड्याच दिवसांत मरते. कझान मृत्यू दाखवत बसत नाहीत. नव्या ओट्यावर तिचे हात पहिल्यांदाच कशालाही धरून नाहीत, एवढं दिसतं.

आणि मग विमानातून दिसणारं ते शेवटचं दृश्य. चक, कॅरल आणि तिची मुलं उडत निघाली आहेत. खाली सगळीकडे पाणी. बेटाचं फक्त टोक वर राहिलं आहे आणि त्या टोकावर गार्थ कुटुंबाचं कबरस्तान. त्यानंतर धरण दिसतं, भव्य आणि खरोखर सुंदर. कझान यांनी आधी कबरी आणि मग धरण असा क्रम ठेवला. उलटा ठेवला असता तर चित्रपट शोकगीत झाला असता. या क्रमामुळे धरणाचं कौतुक करताना डोळ्यांत ती माती राहते.

एक उणीव नोंदवलीच पाहिजे. एलाच्या नवऱ्याने ही जमीन साफ करून वसवली, असं चित्रपट आदराने सांगतो. त्याआधी ती कोणाची होती, हे विचारत नाही. टेनेसी हे नावच चेरोकी लोकांच्या गावावरून आलं आहे. चित्रीकरण ज्या चार्ल्सटन गावाच्या परिसरात झालं, तिथेच १८३८ मध्ये फोर्ट कॅस होता आणि चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्याची मोहीम तिथून चालवली गेली. म्हणजे एलाचं विस्थापन त्या काठावरचं पहिलं नव्हतं. नदीकाठचा मूळ माणूस चित्रपटात कुठेच नाही. सातपुड्यात मात्र गेला तो मूळ माणूसच, भिल्ल आणि पावरा. त्यामुळे आपण हा चित्रपट पाहतो तेव्हा त्यातली रिकामी जागा आपल्याला दिसते, अमेरिकी प्रेक्षकाला ती कदाचित दिसणार नाही. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा १९९५ चा ‘नर्मदा डायरी’ हा माहितीपट याच्या जोडीने पाहावा. तिथे ती जागा माणसांनी भरलेली आहे.

एवढं असूनही ‘वाइल्ड रिव्हर’ श्रेष्ठ आहे, असंच मी म्हणेन. धरण बरोबर असू शकतं आणि तरीही म्हातारी चूक नसते, ही गोष्ट इतक्या समतोलाने सांगणारा दुसरा कथापट मी पाहिलेला नाही. अमेरिकेने २००२ मध्ये तो आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला.

त्या रात्री चित्रपट संपल्यावर सर बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, जुन्या घराचं दार नदीकडे होतं. वसाहतीत आल्यावरही त्यांची आई रोज सकाळी त्याच दिशेला तोंड करून बसायची आणि समोर कापसाचं शेत असायचं. चहा निवून गेला होता. आम्ही तो तसाच प्यायलो.

तुमच्या घरात, गल्लीत किंवा वसाहतीत बुडितातून आलेलं कोणी वडीलधारं असेल, तर एका संध्याकाळी त्यांना बोलवा आणि हा चित्रपट पूर्ण रुंदीत सोबत बसून पाहा. इंग्रजी कळलं नाही तरी अडणार नाही. संपल्यावर आपण आधी बोलू नका. त्यांना बोलू द्या.