जीर्णोद्धार की पाठचिकित्सा? : जुने संगणक आणि घरातील जाळे

१

विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांतील घरगुती संगणक दुरुस्त करावयाचे आणि ते आजच्या घरातील संगणक-जाळ्याला जोडावयाचे, असा एक उद्योग युरोप-अमेरिकेत चांगलाच रूढ झाला आहे. वरवर पाहता हा हौशी लोकांचा छंद होय. परंतु त्यात अनुस्यूत असलेला प्रश्न संहितेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. काळाच्या ओघात भ्रष्ट झालेली वस्तू पुन्हा वाचनीय करताना मूळ किती राखावे, किती सुधारावे, आणि केलेली सुधारणा दिसू द्यावी की झाकावी, हाच तो प्रश्न.

या बाबतीत दोन पक्ष आढळतात. पहिला पक्ष मूळनिष्ठांचा. यंत्रातील प्रत्येक भाग कारखान्यातून आला तसाच राहावा, असा त्यांचा आग्रह असतो. दुसरा पक्ष फलनिष्ठांचा. यंत्र चालू झाले आणि जाळ्यावर बोलू लागले म्हणजे कार्य साधले, असे ते मानतात. हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत. दुरुस्तीची खरी कसोटी मूळपणा ही नव्हे आणि चालूपणा हीही नव्हे; मूळ कोठे संपते व दुरुस्ती कोठे सुरू होते हे नंतरच्या अभ्यासकाला ओळखता येते की नाही, ही ती कसोटी होय.

२

उदाहरणार्थ 'कमोडोर ६४' हा संगणक घेता येईल. तो १९८२ साली बाजारात आला. सुमारे एक मेगाहर्ट्झ गतीचा आठ-बिटी प्रोसेसर व ६४ किलोबाइट स्मृती एवढीच त्याची सामग्री. त्याला वीज पुरविणारा ठोकळा निराळा असे आणि तो बहुधा आतून राळेने भरून बंद केलेला असे. या ठोकळ्यातील पाच व्होल्टचे नियंत्रण जुनेपणामुळे बिघडले, की दाब मर्यादेबाहेर चढतो आणि संगणकातील स्मृतीच्या चिपा जळतात. येथे मूळ ठोकळा वापरण्याचा हट्ट म्हणजे मूळ संगणकाचा घात होय. मूळनिष्ठेचे तत्त्व येथे स्वतःच्याच विरुद्ध जाते. गळणारे कपॅसिटर आणि मंडलपट्टीवर डाख देऊन बसविलेल्या जुन्या बॅटऱ्या यांचीही गोष्ट अशीच आहे. त्यांतून झिरपणारे द्रव्य तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ते भाग काढणे हेच संरक्षण.

याउलट पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या कवचाला हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करण्याची जी प्रथा आहे, तिने यंत्राचे वाचन तिळभरही सुधारत नाही. पिवळेपणा पुष्कळदा काही काळाने परतही येतो. ही दुरुस्ती नव्हे, रंगसफेदी होय.

पाठचिकित्सेने हा भेद पूर्वीच स्पष्ट केला आहे. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी पाया घातलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली असते. संपादकाने पाठ निवडला, पण आपली शंका लपविली नाही. दुरुस्त केलेल्या यंत्रालाही अशी नागमोडी रेघ हवी. बदललेल्या भागावर खूण, काढलेला भाग जपून ठेवणे आणि तारखेसह टिपण, हे तिचे साधे रूप होय.

३

जाळ्याशी जोडणीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. आजच्या घरातील राउटर ज्या व्याकरणाने बोलतो त्या टीसीपी-आयपी संकेतांची प्रमाण मांडणी सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ते स्वीकारले. म्हणजे कमोडोर ६४ आणि हे व्याकरण समवयस्क आहेत. स्वीडिश संशोधक अ‍ॅडम डंकल्स यांच्या 'कॉन्टिकी' प्रणालीने २००३ साली हे सिद्धही केले. ईथरनेटचे जोड-यंत्र लावले असता कमोडोर ६४ स्वतःच हे संकेत पाळू शकतो. जुने यंत्र जाळ्याला मुळातच परके आहे हा समज म्हणूनच टिकत नाही.

आज मात्र दुसरा मार्ग अधिक लोकप्रिय आहे. ईएसपी-८२६६ ही स्वस्त वायफाय-चिप यंत्राच्या मागील जोडणीला लावतात. ती १९८१ च्या हेज मोडेमची आज्ञावली बोलते. त्यामुळे आपण टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाला हाक मारीत आहोत, अशा समजुतीने जुना संगणक वागतो. अक्षरसंकेतांचे रूपांतरही वाटेत कोठेतरी करावे लागते; कारण कमोडोरच्या संकेतांत रोमन लिपीच्या लहान व मोठ्या अक्षरांच्या जागा रूढ आस्की संकेतांच्या उलट आहेत. असा दुभाषा यंत्राबाहेर राहतो व हवा तेव्हा काढता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण हा दुभाषा बत्तीस-बिटी असून त्याची गती ८० मेगाहर्ट्झ आहे. तो आपल्या यजमानापेक्षा कितीतरी बलवान आहे. पाने आणणे, गुप्तलेखन उलगडणे व मजकूर सोपा करणे हे सर्व त्याने किंवा घरातील दुसऱ्या नव्या संगणकाने केले, तर जुने यंत्र बोलत नसते. त्याच्या तोंडून दुसरेच कोणी बोलत असते. हे निषिद्ध नव्हे, पण ते सांगितले पाहिजे.

अडचण व्याकरणाची नसून गुप्ततेची आहे. आजची संकेतस्थळे सांकेतिक संभाषणाचा आग्रह धरतात. त्याच्या जुन्या पद्धतीही २०२१ साली अधिकृतपणे त्याज्य ठरल्या. अशा वेळी जुन्या यंत्राच्या सोयीसाठी नव्या यंत्रांचे दार किलकिले ठेवण्याचा मोह होतो. विंडोजमधील फाइल-वाटपाचा पहिला, जुना संकेत पुन्हा चालू करणे हे त्याचे नेहमीचे रूप. २०१७ साली 'वॉनाक्राय' हा उपद्रव याच संकेतातील छिद्रातून पसरला. म्हणून जुन्या यंत्रासाठी जाळ्याचा निराळा कप्पा करावा. त्याच्यासाठी सबंध घराचे कुलूप सैल करू नये.

४

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेच्या 'जिस्ट' कार्डामुळे त्या काळच्या पीसीवर देवनागरी लिहिता येऊ लागली. १९९१ साली प्रमाणित झालेल्या 'इस्की' संकेतांत त्या पिढीचा मजकूर साठविला जाई. तो फ्लॉपीवरून उतरवून युनिकोडात आणावयाचा, तर चालू स्थितीतील जुना पीसी व त्याला जोडणारे जाळे यांसारखे साधन नाही. कारण मूळ पडद्यावर काय उमटत होते, हे तेथेच ताडून पाहता येते.

हे ताडणे अनावश्यक नव्हे. मराठीतील 'ऱ्य' हे जोडाक्षर 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून लिहिण्याची इस्कीची रीत युनिकोडाने चालू ठेवली. साध्या 'र'ला हलन्त व न दिसणारे संयोजक चिन्ह जोडण्याचीही दुसरी रीत आहे. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने 'ऱ'चा 'र' केला, अथवा न दिसणारे चिन्ह निरुपयोगी म्हणून गाळले, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. 'आचाऱ्याला' दिलेली दक्षिणा 'आचार्याला' पोचते. वाक्य शुद्धच दिसते, आणि म्हणूनच ही चूक पकडता येत नाही. पोथीतील लेखनिकाचा प्रमाद निदान लेखनिकाच्या हातून झालेला असतो. येथे प्रमादाला हातही नसतो.

तात्पर्य, जुन्या यंत्रातून नव्या जाळ्यात आलेली प्रत्येक फाइल ही नवी प्रत समजावी. तिच्याबरोबर मूळ फाइल अक्षरशः जशीच्या तशी ठेवावी; कोणत्या यंत्रावर, कोणता भाग बदलून व कोणत्या कोष्टकाने रूपांतर केले, याची नोंद करावी. ही नोंद नसेल, तर यंत्र सुरळीत चालत असूनही त्यातून आलेला पाठ प्रमाण मानता येणार नाही.