न बांधलेल्या वास्तूंचे कागद

वास्तुकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा उभ्या किंवा पडलेल्या इमारतींपासून आरंभ करतात. जी इमारत कधीं उठलीच नाहीं, तिचा नकाशा हाताशीं असूनहि तिला इतिहासांत जागा मिळत नाहीं. अलीकडे मिळते ती चित्रप्रदर्शनांत, चौकटींत बसवून. या दोन्ही रीतींविषयीं आमची तक्रार आहे. न बांधलेल्या वास्तूचा नकाशा हा अस्सल कागद होय. तो कोणीं केला, कोणासाठीं, कोणत्या जागेसाठीं आणि कोणत्या पैशाच्या भरंवशावर, हे प्रश्न इतर कागदांप्रमाणें त्यासहि विचारले पाहिजेत.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेचें उदाहरण येथें फार उपयोगी पडतें. शाळा १८५७ सालीं निघाली. तिच्या इमारतीसाठीं विल्यम बर्जेस या इंग्रज वास्तुविशारदानें १८६६ सालीं आराखडा तयार केला. बर्जेस हा मध्ययुगीन फ्रेंच गॉथिक शैलीचा निस्सीम भक्त, आणि त्याच्या या रेखाटनांची वाखाणणी इंग्रज लेखकांनीं मनमुराद केली आहे. परंतु शाळा त्याप्रमाणें बांधली गेली नाहीं. आज दिसते ती इमारत १८७८ सालची, जॉर्ज ट्विग मोलेसी याच्या आराखड्याची. आराखडा खर्चाचा होता म्हणून सोडला, एवढें सांगून वर्णनकार पुढें जातात. आमच्या मतें खरा इतिहास येथूनच सुरू होतो. १८६६ हें साल काय आहे? अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचा भाव चढला, मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि युद्ध संपतांच १८६५ सालीं तो पूर ओसरून पेढ्या बुडाल्या. बर्जेसनें कागदावर रेघा ओढल्या त्या बुडालेल्या वर्षाच्या लगोलग. त्या रेखाटनांत जी ऐट आहे ती तेजीच्या मुंबईची आहे, मंदीच्या नव्हे, असें आम्ही अनुमान करतों. नुसतें चित्र म्हणून तें पाहणाऱ्यास हें कधींच कळणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, न बांधलेला आराखडा निष्फळच जातो असें नाहीं. बर्जेसचा शिष्य विल्यम एमर्सन गुरूचे नकाशे घेऊन मुंबईस आला. गुरूची शाळा झाली नाहीं, पण शिष्याच्या हातून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, उभी राहिली. आणि तिच्यावरील शिल्पें त्याच कलाशाळेंतील लॉकवुड किपलिंग यांनीं केलीं. शाळेच्या वास्तूची हौस मंडईवर फिटली म्हणावयाची!

गेटवे ऑफ इंडियाचा प्रकार उलटा आहे. १९११ च्या डिसेंबरांत पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले तेव्हां तेथें स्मारकाचा केवळ नमुना होता. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यास १९१४ सालीं मंजुरी मिळाली आणि १९२४ सालीं इमारत खुली झाली. मात्र तिच्यापर्यंत येणारा योजिलेला सरळ रस्ता पैशाअभावीं झालाच नाहीं. तेथवर येणारी वाट कमानीस तिरकी भेटते, याचें कारण दगडांत शोधून सांपडणार नाहीं. तें नकाशावरच राहिलेल्या रस्त्यांत आहे.

वसईच्या किल्ल्यांतील छपरें गेलेलीं देवालयें आम्ही माणिकपूरकर नेहमीं पाहतों. पडक्या वास्तूंत उरलेली भिंत कल्पनेस आवरून धरते. न झालेल्या वास्तूंत आवरणारें कांहीं नसतें. म्हणून तेथें टीकाकारानें अधिक कठोर झालें पाहिजे.

याच दृष्टीनें नव्या मुंबईची मूळ योजना पाहावी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं ती १९६५ सालीं मांडली ती 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकांत. एका नगराचा प्रस्ताव कलेच्या नियतकालिकांत यावा, ही घटना सामान्य नव्हे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि कागदाचा कांहीं भाग जमिनीवर उतरला. पुढें १९९० सालीं त्याच सिडकोकडे वसई-विरारचें नियोजन सोंपविण्यांत आलें. नकाशावरचा हिरवा रंग बदलला म्हणजे वाडीचें काय होतें, हें येथील बागायतदारास कोणत्याहि कलासमीक्षकाहून चांगलें ठाऊक आहे. हरित वसईची चळवळ ही एका अर्थीं न बांधलेल्या नगराचीच परखड समीक्षा होती.

आतां प्रदर्शनांविषयीं. २०१६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचें मोठें प्रदर्शन भरलें; तें भरलें कावसजी जहांगीर सभागृहांत, म्हणजे विटेट यांच्याच इमारतींत. असे उपक्रम स्वागतार्ह आहेत. पण नकाशा भिंतीवर टांगला कीं त्याचें अंदाजपत्रक आणि पत्रव्यवहार दफ्तरांतच राहतो. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनें २०१० सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत मुंबईंतील चिंचोळ्या जागेंतल्या वस्तीची पूर्णाकृति प्रतिकृति उभारली. ती आम्हांस अधिक पटते. तिच्या मागें खरी जागा आणि खरें माप आहे, कलाकाराची लहर नाहीं. बूलेनें १७८४ सालीं न्यूटनच्या स्मारकासाठीं काढलेला प्रचंड गोल डोळे दिपवितो हें खरें. परंतु त्यास जागाच नव्हती, म्हणून त्यावर वाद घालण्यासहि जागा नाहीं.

नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकेंत विलीन झाली. दफ्तरें एका कचेरींतून दुसरींत जातात तेव्हां रद्द झालेले नकाशे प्रथम रद्दींत जातात, आणि मंजूर झालेले मागें राहतात. ज्यांच्या संग्रहीं या तालुक्यांतील न झालेल्या पुलाचा, देवळाचा, चर्चच्या वाढीव भागाचा किंवा बाजाराचा नकाशा असेल, त्यांनीं त्याची प्रत, त्यावरील तारीख व माप यांसह, मंडळाकडे पाठवावी. सोबतचें अंदाजपत्रक मिळाल्यास तें आधीं पाठवावें.