माफी कोणी कोणाला द्यायची?

अमेरिकेत बेकायदा स्थलांतरितांविषयीचा वाद अनेक दशके दोन मागण्यांभोवती फिरतो आहे: हाकला, किंवा माफी द्या. या वादाच्या मुळाशी जाणारे एक गीत मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे.

28 जानेवारी 1948 रोजी मेक्सिकन शेतमजुरांना परत नेणारे विमान कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोस दरीत कोसळले. 32 जण मेले. त्यांपैकी 28 मजूर. काही तर सरकारी करारावर आलेले, मुदत संपलेले. वुडी गथ्रीच्या कानी आलेल्या बातम्यांत मजुरांना नावे नव्हती. ते सगळे नुसते 'डिपोर्टी', म्हणजे हद्दपार केलेले. फ्रेस्नोच्या दफनभूमीत त्यांना एकत्रच पुरले. गथ्रीने संतापून गीत लिहिले.

गीत थोर आहे. तरी त्यातली नावे कवीने कल्पिलेली आहेत. मृतांची खरी नावे शिळेवर कोरली गेली ती 2013 साली, 65 वर्षांनी. सहानुभूती आणि स्वानुभव यांतले अंतर ते हेच. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' (1987) हा कलंकाचा शब्दच मुखपृष्ठावर घातला आणि त्याखालचा माणूस स्वतः बोलू लागला. गथ्रीच्या मजुराला ती संधी मिळाली नाही.

'माफी' हा शब्दही असाच वरून आलेला आहे. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्याने बेकायदा आलेल्याला आसरा देणे गुन्हा ठरवले; त्याला कामावर ठेवणे मात्र आसरा देणे नव्हे, असेही त्यातच लिहिले. मालकाला शिक्षेची तरतूद झाली ती 1986 साली. त्याच कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना अधिकृत वास्तव्य मिळाले. तो दिलासा खरा होता. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण मजुराला मिळाले ती 'माफी' ठरली, आणि मळेवाल्याला 34 वर्षे मिळालेल्या सवलतीला कोणी माफी म्हटले नाही!

आपल्याला हे नवे नाही. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या; 1952 साली तो रद्द झाला आणि त्या 'विमुक्त' झाल्या. न केलेल्या गुन्ह्यातून मुक्त! तेथे निरपराधांवर गुन्हा लादला. येथे भागीदाराचा गुन्हा झाकला. म्हणून माफीच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांनाही मला विचारावयाचे आहे: ज्याच्या घामावर मळा उभा राहिला, त्यानेच हात का जोडावेत?