परिसरानुवर्ती कथा आणि साधारणीकरण

वाचकाचे स्थळ, वेळ आणि हवामान यांनुसार आपला मजकूर बदलणारी कथा हा इंग्रजीतील एक अलीकडचा वाङ्मयप्रयोग होय. केट पुलिंजर यांची 'ब्रीद' (२०१८) ही मोबाइल फोनवर वाचावयाची कथा त्याचे ठळक उदाहरण आहे. मृतात्म्यांशी बोलू शकणारी फ्लो ही तरुणी आपल्या मृत आईशी, क्लाराशी, संवाद साधू पाहते. परंतु मध्येच दुसरे आवाज घुसतात, आणि वाचक कोठे आहे हे आपणांस ठाऊक असल्याचे ते दर्शवितात. फोनच्या कॅमेऱ्यामुळे वाचकाचा भोवतालच पानावर उमटतो.

अशी कथा वाचकाला आत ओढून घेते, ही तिची थोरवी मानली जाते. हा गुण वाङ्मयीन आहे काय, याचा मात्र विचार व्हावयास हवा. अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त रसाची सात विघ्ने सांगितली आहेत. 'हे माझे', 'हे परक्याचे' अशा जाणिवेने विशिष्ट देशकालात गुंतून पडणे हे त्यांतील एक. ही गुंतवणूक सुटल्याखेरीज साधारणीकरण नाही. 'ब्रीद' तर वाचकाला त्याच्याच देशकालात खिळवून ठेवते. आपला परिसर कथेत अवतरलेला पाहून तो दचकतो. परंतु हे लौकिक भय झाले, भयानक रस नव्हे. करुणाचा स्पर्श होतो तो मायलेकींच्या नात्यापाशी, आणि तेथे वाचकाच्या पत्त्याचे काही प्रयोजन उरत नाही.

एवढ्यावरून हा प्रकारच रसविरोधी ठरविणे घाईचे होईल. इंग्लंडमधील विद्यापीठांच्या ज्या संयुक्त प्रकल्पातून 'ब्रीद' निर्माण झाली, त्यातच डंकन स्पीकमन यांची 'इट मस्ट हॅव बीन डार्क बाय देन' (२०१७) ही पुस्तक व ध्वनी यांनी घडलेली कृतीही सिद्ध झाली. श्रोता शहरात आपल्या मनाच्या वाटेने चालतो आणि त्या चालण्यातून त्याचा नकाशा तयार होतो. कानांवर येतात ते मात्र लुइझियानाची दलदल, लॅटव्हियातील ओस खेडी आणि ट्युनिशियातील सहाराची सीमा येथील आवाज. नाहीशा होत चाललेल्या त्या प्रदेशांच्या सान्निध्यात ओळखीची गल्लीही क्षणभंगुर भासू लागते, आणि आपलेपणाची पकड सैल होते.

नाट्यात या विघ्नाच्या निवारणार्थ पूर्वरंग व वेषभूषा यांची योजना असते. स्पीकमन यांच्या कृतीत तेच कार्य दूरचे ध्वनी करतात. 'ब्रीद'मध्ये त्यासाठी कोणतीच योजना दिसत नाही. परिसरानुवर्ती कथेचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे.